स्पॅनिशला जायला इंग्रजीचा वळसा कशाला?

स्पॅनिश शिकायची असेल तर आधी इंग्रजी पक्कं करा, असा सल्ला आपल्याकडे इतक्या सहजपणे दिला जातो की त्यामागे काही विचार आहे का, हे कुणी तपासत नाही. पाठ्यपुस्तकं इंग्रजीत, मोबाइलवरचे धडे इंग्रजीत, शिकवणारेही इंग्रजीतून शिकलेले, तेव्हा मराठी मुलाने आपली भाषा बाहेर ठेवून वर्गात यावं, असं हे म्हणणं. पुण्या-मुंबईच्या मुलाला यातून थोडा त्रास होतो आणि तो पुढे जातो. पण माळव्यातल्या देवास जिल्ह्याच्या दक्षिण भागात, नर्मदेच्या खोऱ्याकडे असलेल्या लोहारद्यासारख्या गावात घरी मराठी, गल्लीत माळवी, शाळेत हिंदी आणि इंग्रजी फक्त एक विषय म्हणून शिकणाऱ्या मुलाला हा सल्ला म्हणजे सरळ नकार असतो. त्याचं इंग्रजी पक्कं होईपर्यंत स्पॅनिशचं दार बंद. माझं म्हणणं असं की हा सल्ला अन्यायाचा आहेच, पण त्याआधी तो व्याकरणाच्या दृष्टीने चूक आहे. स्पॅनिशच्या पहिल्या महत्त्वाच्या धड्यात, म्हणजे नियमित क्रियापदाच्या वर्तमानकाळात, इंग्रजी मदत करत नाही, अडथळा आणते. मराठी मदत करते, आणि ती मदत किती खोलवर जाते याचा अंदाज हा सल्ला देणाऱ्यांना नाही.

आधी तो धडा काय आहे ते पाहू. 'आब्लार' म्हणजे बोलणे. शेवटचा 'आर' काढला की धातू उरतो 'आब्ल', आणि त्याला प्रत्यय लागतात: आब्लो, आब्लास, आब्ला, आब्लामोस, आब्लाइस, आब्लान. मी, तू, तो किंवा ती, आम्ही, तुम्ही, ते. 'कोमेर', खाणे, याचं कोमो, कोमेस, कोमे, कोमेमोस, कोमेइस, कोमेन. 'बिबिर', राहणे किंवा जगणे, याचं बिबो, बिबेस, बिबे, बिबिमोस, बिबीस, बिबेन. तीन गण आणि सहा पुरुष-वचनं म्हणजे अठरा प्रत्यय, असं सांगून मुलांना घाबरवलं जातं. नीट मोजलं तर वेगळे प्रत्यय तेराच भरतात, कारण 'ओ' तिन्ही गणांना सारखा आहे आणि दुसरा व तिसरा गण फक्त आम्ही-तुम्हीच्या रूपांत वेगळे होतात. लॅटिन अमेरिकेत 'तुम्ही'चं वेगळं रूप बोलण्यात वापरतच नाहीत, तिथे अनेकवचनी 'तुम्ही'लाही 'ते'चं रूप चालतं. म्हणजे मेक्सिको किंवा पेरूच्या माणसाशी बोलायला दहा प्रत्यय पुरतात. ज्या मुलाने 'बोलणे' या एका क्रियापदाची मराठीतली सगळी रूपं पाच वर्षांचा होईपर्यंत न शिकवता आत्मसात केली, त्याला दहा प्रत्यय जड जातील असं मानणं हा त्याच्या भाषेचा अपमान आहे.

इंग्रजीतून आलेल्या मुलाला ते जड का जातात, याचं कारण उघड आहे. इंग्रजीच्या साध्या वर्तमानकाळात क्रियापद जवळजवळ हलतच नाही. तृतीयपुरुषी एकवचनाला एक 'स' चिकटतो, बाकी पाच ठिकाणी तेच रूप. त्यामुळे इंग्रजीत कर्ता कळतो तो सर्वनामातून, आणि सर्वनाम वगळता येत नाही. ही सवय घेऊन मूल स्पॅनिशकडे गेलं की त्याला प्रत्यय हा शोभेचा भाग वाटतो. ते प्रत्येक वाक्याला 'यो' लावतं, म्हणजे 'मी', आणि प्रत्ययाकडे दुर्लक्ष करतं. स्पॅनिशमध्ये मात्र सगळा अर्थ प्रत्ययात आहे. 'आब्लो' एवढंच म्हटलं की मी बोलतो हे कळतं. 'यो आब्लो' म्हटलं तर त्यात जोर येतो: दुसरा कुणी नाही, मी बोलतो. मराठी घरातून बाहेर पडणारा माणूस 'येतो हं' म्हणतो, 'मी येतो' म्हणत नाही, आणि 'मी येतो' म्हटलंच तर ऐकणाऱ्याला कळतं की इतर येणार नाहीत, हा येणार आहे. 'कधी निघतोस?' या प्रश्नात 'तू' कुठेच नाही आणि तरी तो पूर्ण आहे. सर्वनाम गाळण्याची आणि जोर देण्यासाठी परत आणण्याची ही जाण मराठी मुलाला शिकवावी लागत नाही. इंग्रजीच्या वळशाने गेलं की ती आधी हिरावून घेतली जाते आणि मग तिसऱ्या इयत्तेचा कठीण भाग म्हणून परत शिकवली जाते.

इथे जाणकार एक रास्त आक्षेप घेतात. मराठीत 'बोलतो' हे रूप मी, आम्ही आणि तो या तिघांनाही चालतं, मग मराठी प्रत्यय कर्ता सांगतो असं कसं म्हणता? शिवाय मराठी वर्तमानकाळाला लिंग आहे, बोलतो, बोलते, बोलतं, आणि स्पॅनिश क्रियापदाला लिंग नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण म्हणूनच स्पॅनिश वर्तमानकाळाची तुलना मराठीच्या वर्तमानकाळाशी न करता आधी भविष्यकाळाशी करावी. बोलेन, बोलशील, बोलेल, बोलू, बोलाल, बोलतील. सहा पुरुष-वचनं, सहा वेगळी रूपं, आणि लिंगाचा मागमूस नाही. मुलगा असो की मुलगी, 'बोलेन' एकच. स्पॅनिश वर्तमानकाळाचा सांगाडा नेमका हाच आहे. हे साम्य योगायोगाचं नाही. मराठीचा भविष्यकाळ जुन्या वर्तमानकाळाला 'ल' जोडून तयार झाला, असं मराठी भाषेच्या इतिहासाचे अभ्यासक मानतात. ज्ञानेश्वरांच्या काळात 'करी' म्हणजे 'करतो' असा अर्थ होता, आज तेच रूप 'तो रोज फिरायला जाई' अशा रीतिभूतकाळात उरलं आहे. आजचं 'करतो' हे मूळ धातुसाधित आहे, म्हणून त्याला विशेषणासारखं लिंग आलं. जुनं, लिंगविरहित, पुरुषानुसार चालणारं वर्तमान मराठीने टाकून दिलं नाही, त्याला भविष्यात नेऊन ठेवलं. लोहारद्यातल्या मुलाला स्पॅनिशचा तक्ता परका नाही, तो त्याच्याच भाषेत दुसऱ्या खान्यात आहे, एवढंच त्याला दाखवायचं आहे.

याच्याही मागे गेलं की चित्र आणखी स्पष्ट होतं. वदामि, वदसि, वदति, वदामः, वदथ, वदन्ति. शाळेत संस्कृत घेतलेल्या कोणत्याही मुलाला हे पाठ असतं. आता 'आब्लास'मधला शेवटचा स आणि 'वदसि'मधला सि, 'आब्लामोस'मधला मोस आणि 'वदामः'मधला मः, 'आब्लान'मधला न आणि 'वदन्ति'मधला न्ति शेजारी ठेवा. लॅटिनमध्ये हेच 'स', 'मुस' आणि 'न्त' होतं, आणि लॅटिनची मुलगी स्पॅनिश. एकाच कुळातली ही बहीण-भावंडं आहेत. युरोपात तुलनात्मक भाषाशास्त्र उभं राहिलं तेव्हा संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन क्रियापदांच्या रूपांची तुलना हा त्याचा पायाच होता. इंग्रजीही त्याच कुळातली, पण तिने हे प्रत्यय शतकांपूर्वी झिजवून टाकले. जिने प्रत्यय टाकून दिले त्या भावंडाच्या मदतीने ज्या भावंडाने जपले त्याला समजून घ्यायचं, आणि ज्या मुलाकडे दुसरं जपलेलं रूप आहे त्याला तसं सांगायचंच नाही, हा उलटा व्यवहार आहे.

माळव्याच्या मातीला तर प्रत्ययांच्या तक्त्याची नवलाई असूच नये. धारच्या भोजशाळा आणि कमाल मौला मशीद या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या वास्तूत दोन सर्पबंध शिलालेख आहेत. सापाच्या वेटोळ्यांमध्ये अक्षरं आणि व्याकरणाचे प्रत्यय कोरलेले आहेत, त्यांपैकी एकात क्रियापदांचे काळ आणि अर्थ यांनुसार लागणारे प्रत्यय आहेत. परमार राजे उदयादित्य आणि नरवर्मा यांचा उल्लेख त्यांच्याबरोबरच्या श्लोकांत येतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला धार संस्थानाच्या शिक्षण खात्यातले का. कृ. लेले यांनी या वास्तूतल्या लेखांकडे अभ्यासकांचं लक्ष वेधलं. त्या वास्तूबद्दलचे आजचे वाद बाजूला ठेवू. मला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते: कोरणाऱ्यांनी एकेक क्रियापद घेऊन त्याची पूर्ण रूपं कोरली नाहीत. धातू वेगळा ठेवला आणि प्रत्यय वेगळे काढून मांडले, म्हणजे कोणताही धातू आणा आणि त्याला हे लावा. नऊशे वर्षांपूर्वी धारमध्ये ठाऊक असलेली ही शिकवण्याची पद्धत स्पॅनिशच्या नियमित क्रियापदासाठी आजही सर्वांत थेट आहे.

तक्ता पाठ करून बोलता येत नाही, भाषा ऐकून आणि बोलूनच येते, हा दुसरा मोठा आक्षेप. त्यातला अर्धा भाग मला मान्य आहे. नुसते प्रत्यय घोकणारं मूल बाजारात तोंड उघडणार नाही. पण तक्त्याचं काम बोलायला शिकवण्याचं नाहीच. जे ऐकलं ते ओळखण्याचं आणि जे कधीच ऐकलं नाही ते तयार करण्याचं काम तो करतो. स्पॅनिशमध्ये नवं क्रियापद तयार झालं की ते बहुतेक वेळा 'आर'च्या नियमित गणातच जातं. संगणकावर गप्पा मारण्यासाठी 'चातेआर' आलं, कागद स्कॅन करण्यासाठी 'एस्कानेआर' आलं, आणि दोन्ही 'आब्लार'सारखीच चालतात. ज्याने प्रत्यय वेगळे काढून शिकले तो हे क्रियापद पहिल्यांदा ऐकतानाच सहाही रूपांत वापरू शकतो. वारंवार लागणारी क्रियापदं अनियमित असतात, मग नियमित शिकून काय उपयोग, असंही म्हणतात. 'तेनेर' म्हणजे जवळ असणे, हे अनियमित मानलं जाणारं क्रियापद घ्या: तेंगो, तिएनेस, तिएने, तेनेमोस, तेनेइस, तिएनेन. धातू मधेच बदलतो, प्रत्यय एकही बदलत नाही. अनियमितपणाचा मोठा भाग धातूत आहे. म्हणून नियमित तक्ता हाच अनियमित क्रियापदांचाही आधार ठरतो.

आता वापराकडे येऊ, कारण खरी कसोटी तिथे आहे आणि इंग्रजीचा वळसा तिथेच सर्वांत महाग पडतो. इंग्रजीत सवयीची क्रिया आणि आत्ता चाललेली क्रिया यांसाठी दोन वेगळे साचे आहेत आणि त्यांची अदलाबदल सहसा करता येत नाही. स्पॅनिशमध्येही चालू क्रियेसाठी वेगळा प्रयोग आहे, 'एस्तोय आब्लान्दो', म्हणजे बोलतोय किंवा बोलत आहे. पण साधा वर्तमानकाळ दोन्ही कामं करतो. 'तू काय करतोस?' या मराठी प्रश्नाला 'शाळेत शिकवतो' हेही उत्तर येतं आणि 'चहा पितो' हेही. प्रसंग ठरवतो. स्पॅनिशमध्ये अगदी असंच आहे. पुढची गोष्ट घ्या. 'उद्या फोन करतो' हे मराठी माणूस भविष्यासाठी बोलतो आणि त्यात शब्द दिल्याचा भाव असतो. स्पॅनिशमध्ये 'ते यामो मान्याना', शब्दशः 'उद्या तुला फोन करतो', वर्तमानकाळातच. इंग्रजीतून आलेला विद्यार्थी इथे भविष्यकाळाचं रूप शोधत बसतो, ते चूक नसलं तरी बोलण्यात जड होतं. इतिहास सांगतानाही तसंच: '१८१८ साली पेशवाई संपते' हे वाक्य मराठीत जितकं सहज आहे तितकंच 'तेर्मिना' हे वर्तमानाचं रूप स्पॅनिश इतिहासाच्या पुस्तकात सहज आहे.

सर्वांत बोलका पुरावा मात्र कालावधीच्या वाक्यात मिळतो. 'दहा वर्षं झाली, मी देवासला राहतो.' भूतकाळात सुरू होऊन अजून चाललेली गोष्ट मराठी वर्तमानात सांगते. स्पॅनिशही: 'आसे दिएस आन्योस के बिबो एन देवास'. 'बिबो' म्हणजे राहतो, नियमित क्रियापदाचं पहिलंच रूप. इंग्रजीत मात्र इथे पूर्ण आणि अपूर्ण यांचा संयुक्त काळ लागतो, आणि तो घोकण्यात आपल्या मुलांची कित्येक वर्षं गेलेली असतात. इंग्रजीच्या वर्गात ज्याला 'मी दहा वर्षं इथे राहतो' असं सरळ भाषांतर केल्याबद्दल लाल शाई मिळाली, त्याच मुलाला स्पॅनिशच्या वर्गात त्याचं मूळ वाक्य बरोबर होतं असं सांगायला हवं. इंग्रजीतून शिकवणारा हे सांगू शकत नाही, कारण त्याच्या पुस्तकात हा प्रयोग अपवाद म्हणून छापलेला असतो. तो अपवाद आहे इंग्रजीच्या मानाने. मराठीच्या मानाने तो नियम आहे.

मराठी सगळीकडे बरोबर वाट दाखवते असा माझा दावा नाही. नकारात ती चुकवते. 'बोलत नाहीस'मध्ये पुरुषाचा प्रत्यय 'नाही'ला लागतो, बोलण्याला नाही. स्पॅनिशमध्ये 'नो' जागचा हलत नाही आणि 'आब्लास' आपला प्रत्यय सोडत नाही, म्हणून 'नो आब्लास'. हे शिकवावं लागेल. आघाताच्या बाबतीत तर मराठी फारशी मदत करत नाही. 'आब्लो' पहिल्या अक्षरावर जोर देऊन म्हटलं तर 'मी बोलतो', शेवटच्या अक्षरावर जोर दिला तर 'तो बोलला'. देवनागरीत हा फरक दिसत नाही आणि मराठी कानाला तो सहज ऐकू येत नाही. हा भाग कान तयार करूनच शिकावा लागतो, आणि इथे मी तक्त्यापेक्षा ऐकण्याच्या बाजूचा आहे. पण इंग्रजीतून शिकवल्याने नकाराची किंवा आघाताची अडचण कमी होत नाही, ती फक्त शेवटच्या धड्यांत लपते.

आदराची रूपं हा आणखी एक भाग, जिथे इंग्रजीकडे द्यायला काहीच नाही. तिच्याकडे तू आणि तुम्ही यांत भेद नाही. स्पॅनिशमध्ये 'तू' आहे, अगदी याच उच्चाराचा, आणि आदरार्थी 'उस्तेद' आहे. 'उस्तेद'ला क्रियापद लागतं ते तृतीयपुरुषाचं, 'आब्ला', कारण त्याचं मूळ 'आपली कृपा' अशा अर्थाच्या संबोधनात आहे. इंग्रजी विद्यार्थ्याला हा गोंधळ वाटतो. मराठा दरबारांच्या पत्रांत 'स्वामींनी आज्ञा करावी', 'साहेब जाणतील' असं समोरच्यालाच तृतीयपुरुषात लिहीत, आणि देवास-धारच्या पवार घराण्यांच्या मुलखात ती भाषा अनेक पिढ्या कागदावर वावरली आहे. अर्जेंटिनात तर 'तू'ऐवजी 'बोस' वापरतात, जो मुळात अनेकवचनी आहे आणि एका माणसालाही लागतो, आपल्या 'तुम्ही'सारखा. फक्त तिथे तो आदराचा न राहता जवळिकीचा झाला. हे मराठीतून सांगायला दोन मिनिटं लागतात.

पुस्तकं इंग्रजीत आहेत आणि शिक्षकही इंग्रजीतून शिकलेले, मग मराठीतून शिकवणार कोण, हा व्यवहाराचा आक्षेप सर्वांत प्रामाणिक आहे. पण तो भाषेबद्दल नाही, आपल्या तयारीबद्दल आहे. आंतोनियो दे नेब्रिहा याने १४९२ मध्ये स्पॅनिशचं पहिलं छापील व्याकरण लिहिलं, तेव्हा त्याचा पाचवा भाग परभाषिकांसाठी ठेवला आणि त्यात नामांची आणि क्रियापदांची रूपं मांडली. त्याआधी त्याने आपलं लॅटिन व्याकरण लॅटिन आणि स्पॅनिश शेजारी-शेजारी छापून दिलं होतं, म्हणजे विद्यार्थ्याने घरच्या भाषेतून परकी भाषा गाठावी. आपल्याकडे थॉमस स्टीफन्स या इंग्लंडात जन्मलेल्या जेझुइटाने गोव्यात कोकणीचं व्याकरण पोर्तुगीज भाषेत लिहिलं, ते त्याच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये रायतूर येथे छापलं गेलं. मराठीचं पोर्तुगीजमधलं व्याकरण १७७८ मध्ये रोममध्ये छापलं गेलं. म्हणजे स्पॅनिशच्या सख्ख्या बहिणीतून आपली क्रियापदं समजून घेणारे लोक होते, आणि त्यांना मध्ये इंग्रजी लागली नाही. आपण उलट दिशेने तेच करू शकत नाही, याला सबब नाही. दादोबा पांडुरंगांचं मराठी व्याकरण १८३६ चं आहे, मोरो केशव दामल्यांचा ग्रंथ १९११ चा. क्रियापदाच्या प्रत्ययांची शब्दावली आपल्याकडे तयार आहे: धातू, पुरुष, वचन, आख्यात. ती वापरून स्पॅनिशच्या नियमित वर्तमानकाळाचं चाळीस पानांचं पुस्तक लिहायला एखाद्या विद्यापीठाच्या परदेशी भाषा विभागाला एक वर्ष पुरे.

शेवटचा आक्षेप उच्चारला जात नाही, पण सगळ्यांच्या मागे तोच असतो: लोहारद्यातल्या मुलाला स्पॅनिश कशाला? वीसेक देशांची राजभाषा, चाळीस कोटींहून अधिक लोकांची मातृभाषा, ती एखाद्या गावाच्या मुलांना लागेल की नाही हे आपण शहरात बसून ठरवावं का? आणि भाषेच्या तयारीत तो मागे आहे हे गृहीतच चुकीचं आहे. ग्रिअर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाच्या १९०८ मधल्या राजस्थानी खंडात माळवीची रूपं नोंदली आहेत. तिथे वर्तमानकाळ 'बोलूँ हूँ', 'बोले हे', 'बोलाँ हाँ', 'बोलो हो' अशा पद्धतीने चालतो. पुरुषाचा प्रत्यय मुख्य क्रियापदावरच आहे आणि लिंगाचा पत्ता नाही. हिंदीतलं 'बोलता हूँ, बोलती हूँ' त्याला शाळेत भेटतं, गल्लीतली माळवी मात्र स्पॅनिशच्या अधिक जवळची आहे. मराठी भविष्यकाळ, माळवी वर्तमानकाळ आणि शाळेत संस्कृत घेतलं असेल तर 'वदामि'चा तक्ता, एवढं भांडवल घेऊन हा मुलगा वर्गात येतो. 'आब्लामोस'च्या शेजारी फळ्यावर 'बोलू', 'बोलाँ' आणि 'वदामः' लिहून पहिला तास सुरू करा, आणि पहिल्या आठवड्यात त्याला 'आब्लो', 'त्राबाखो' (म्हणजे काम करतो), 'कोमो', 'बिबो' यांतून आपलं गाव, काम आणि घर सांगू द्या. त्यासाठी इंग्रजीतलं एकही वाक्य फळ्यावर लागत नाही.